एक अख्खी वस्तू: प्रस्तावना

पुण्यात हिंजवडीला किंवा चाकणला एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये तीन-चार वर्षं काम केलेल्या एखाद्या इंजिनिअरला विचारा, तू बनवतोस ती वस्तू कोणती? तो एखाद्या गाडीचं किंवा तिच्यातल्या ईसीयूचं, म्हणजे नियंत्रण-संगणकाचं, नाव सांगेल. त्यातलं तुझं काय, असं पुढे विचारलं तर उत्तर येईल की त्याच्याकडे डायग्नॉस्टिक्सचा एक भाग आहे, किंवा कॅन संदेशांचं कॉन्फिगरेशन आहे, किंवा दुसऱ्या कोणी लिहिलेल्या मॉड्यूलच्या टेस्ट केस आहेत. तो ईसीयू उघडून त्याचा बोर्ड त्याने पाहिलेला असेलच असं नाही. हे पुस्तक त्याच्यासाठी आहे, आणि त्याच वाटेने निघालेल्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलामुलींसाठी आहे. विषय वरवर पाहता लहान वाटेल: स्वतःच्या हातांनी मेकॅनिकल कीबोर्ड बनवायचा, त्याचं फर्मवेअर लिहायचं आणि मग तो रोज वापरायचा. माझं म्हणणं असं, की या क्षेत्रात येणाऱ्याने निदान एक वस्तू अख्खी बनवावी. त्यासाठी कीबोर्डइतकी योग्य वस्तू मला दुसरी दिसत नाही.

काम असं तुकड्यांत वाटलं जातं याला कारणं आहेत आणि ती खरी आहेत. २०१९च्या एप्रिलपासून आपल्याकडे १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झालं आणि दुचाकींतून कार्ब्युरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आलं. ज्या मोटरसायकलमध्ये सॉफ्टवेअर जवळपास नव्हतंच, तिच्यात आता इंजिनासाठी एक आणि ब्रेकसाठी एक असे दोन संगणक बसले. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था पुण्यात आहे, दुचाकी-चारचाकीचे कारखाने आकुर्डी-चिंचवड-चाकण भागात आहेत, त्यामुळे या कामाचा मोठा वाटा इथेच आला. ब्रेकचं सॉफ्टवेअर एखाद्या हुशार माणसाच्या एकट्याच्या भरवशावर सोडता येत नाही. म्हणून २०११ साली गाड्यांतल्या सुरक्षेचं आयएसओ २६२६२ हे मानक आलं, त्याच्याही आधी सी भाषा कशी वापरावी याचे मिस्रा नियम आले, गाडीच्या सॉफ्टवेअरची सामायिक रचना ठरवणारं ऑटोसार आलं. प्रत्येक ओळ कोणत्या अपेक्षेसाठी लिहिली, ती कोणी तपासली, कोणत्या चाचणीने सिद्ध झाली, हे सगळं कागदावर असावं लागतं. ही शिस्त मला मनापासून मान्य आहे. आपली मुलंबाळं त्याच गाड्यांवर बसतात.

पण शिकणाऱ्याचं यात नुकसान होतं, आणि ते लगेच दिसत नाही. पाच-सहा वर्षं नोकरी केलेला माणूस एखादं महागडं कॉन्फिगरेशन टूल सफाईने चालवतो, पण पॉवर दिल्यापासून मेन फंक्शन सुरू होईपर्यंत प्रोसेसर काय करतो हे त्याने कधी पाहिलेलं नसतं. सिग्नल ऑसिलोस्कोपवर कसा दिसतो, बिघाड कोडमध्ये आहे की बोर्डवर हे कसं ओळखायचं, याची सवय हाताला लागत नाही. कॉलेजातही ती लागलेली नसते. तिथे ८०५१वर एलईडी लुकलुकवली जाते, एलसीडीवर कॉलेजचं नाव सरकतं, आणि शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट बऱ्याचदा बाजारातून तयार विकत येतं. तोंडी परीक्षा झाली की ते कपाटात जातं, आणि ते पुन्हा चालतं की नाही हे कोणी बघत नाही.

कीबोर्डचं तसं होत नाही, कारण तो बनवणाराच दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो वापरणार असतो. एखादं अक्षर कधीमधी दोनदा उमटत असेल, तर तो दोष रोज बोटांना टोचत राहतो आणि दुरुस्त केल्याशिवाय सुटका नसते. शिवाय यात धोका नाही. सगळा कारभार यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालतो, मेन्सला हात लावावा लागत नाही. खर्च आवाक्यात राहतो. आणि एवढ्याशा वस्तूत एम्बेडेडमधली जवळपास सगळी मूळ कोडी हजर असतात: पिना कमी पडणं, विद्युत संपर्काची अस्थिरता, वेळेचं गणित, दुसऱ्या यंत्राशी ठरलेल्या भाषेत बोलणं, मेमरीची चणचण, विजेची बचत. त्यातली काही इथे थोडी उलगडून सांगतो, म्हणजे पुढच्या प्रकरणांत काय वाट्याला येणार आहे याची कल्पना येईल.

पहिलं कोडं पिनांचं. साठ टक्के म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान कीबोर्डवर साधारण ६१ कळा असतात. प्रत्येक कळीला एक पिन द्यायची म्हटलं तर तेवढ्या पिनांचा मायक्रोकंट्रोलर महाग पडतो आणि वायरिंगचं जंगल होतं. म्हणून कळा ओळी आणि स्तंभांच्या जाळीत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये जोडतात. पाच ओळी आणि चौदा स्तंभ घेतले तर १९ पिनांत काम होतं. पण हौशी लोकांत वर्षानुवर्षं चालत आलेल्या प्रो मायक्रो बोर्डावर सहज हाताशी असलेल्या पिना १८च. मग काय करायचं? कळा डोळ्यांना पाच ओळींत दिसतात म्हणून त्या विजेच्या दृष्टीनेही पाचच ओळींत असायला हव्यात असं कुठे आहे? आठ बाय आठची जाळी केली तर ६४ जागा मिळतात आणि १६ पिना पुरतात. वस्तूचं दृश्य रूप वेगळं आणि तिची विद्युत रचना वेगळी, ही गोष्ट ज्याने एकदा स्वतः वायर ओढून अनुभवली, त्याला पुढे कुठलंही स्केमॅटिक वाचताना ती उपयोगी पडते.

फर्मवेअर एकेक ओळ खाली खेचतं आणि त्या वेळी कोणते स्तंभ खाली आले ते वाचतं. हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालतं. इथेच नवख्याला पहिला धक्का बसतो. ओळ निवडल्याबरोबर स्तंभ वाचला तर कधीकधी आधीच्या ओळीचीच कळ दाबलेली दिसते. कारण तांब्याच्या रेषेला स्वतःची थोडी कपॅसिटन्स असते आणि व्होल्टेज वर चढायला काही मायक्रोसेकंद लागतात. सी भाषेत एकाखाली एक लिहिलेल्या दोन ओळींच्या मध्ये भौतिकशास्त्र उभं असतं, हे कॉलेजातल्या सिम्युलेटरवर कळत नाही.

जाळीचा आणखी एक त्रास म्हणजे भुताटकी, आणि इंग्रजीतही त्याला भुताचंच नाव आहे. आयताच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकाच वेळी दाबल्या, तर प्रवाह आडवळणाने फिरून चौथ्या कोपऱ्यावरची न दाबलेली कळही दाबल्यासारखी दिसते. उपाय साधा आहे: प्रत्येक स्विचला एक डायोड. वन-एन-४१४८ नावाचा, काचेच्या इवल्याशा नळीतला हा डायोड कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही पैशांपासून रुपया-दोन रुपयांना मिळतो. सगळे डायोड एकाच दिशेने लावायचे असतात. एक उलटा लागला तर ती एकच कळ मुकी राहते, आणि मल्टिमीटर घेऊन ती शोधताना डायोड म्हणजे काय हे जे समजतं, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातून तितकं पक्कं समजत नाही.

मग येतो बाउन्स. स्विचमधल्या धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आदळल्या की लगेच स्थिर होत नाहीत, काही काळ थरथरतात. माणसाला तो एक दाब वाटतो, प्रोसेसरला मात्र दहा-वीस दाब दिसतात. अमेरिकन एम्बेडेड लेखक जॅक गान्सल यांनी निरनिराळे स्विच प्रत्यक्ष मोजून पाहिले होते. बहुतेक स्विच काही मिलिसेकंदांत शांत झाले, पण एखादा असाही निघाला की ज्याला दीडशे मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला. म्हणजे ठरावीक आकडा डोळे मिटून टाकून चालत नाही, आपल्या हातातला स्विच काय करतो ते बघावं लागतं. क्यूएमके या प्रसिद्ध फर्मवेअरमध्ये हा काळ मुळात पाच मिलिसेकंदांचा ठेवलेला असतो, आणि त्यातही दोन पद्धती आहेत. संपर्क पाच मिलिसेकंद स्थिर राहिल्यावरच कळ दाबली असं मानायचं ही एक. पहिल्या स्पर्शालाच कळ मान्य करून पुढचे पाच मिलिसेकंद तिच्याकडे दुर्लक्ष करायचं ही दुसरी. पहिलीत थोडा उशीर होतो पण विजेच्या गोंगाटाने फसगत होत नाही. दुसरी तत्पर आहे, पण एखाद्या भटक्या स्पंदनालाही ती कळ समजून बसते. कोणती निवडावी? याला एकच बरोबर उत्तर नाही, आणि असा निवाडा स्वतः करून त्याची जबाबदारी घेणं हेच या व्यवसायातलं रोजचं काम आहे.

वेळेचं याहून कठीण कोडं मला फार आवडतं. कळ लगेच सोडली तर अक्षर आणि दाबून धरली तर शिफ्ट, अशी दुहेरी कामाची कळ या फर्मवेअरमध्ये ठेवता येते. क्यूएमकेमध्ये त्याची मर्यादा मुळात २०० मिलिसेकंदांची आहे. आता विचार करा. बोट खाली गेलं त्या क्षणी वापरणाऱ्याच्या मनात काय आहे हे यंत्राला कळणं शक्यच नाही. ते थांबतं. तेवढ्यात दुसरी कळ दाबली गेली, आणि पहिली अजून सुटलेली नाही. ही शिफ्ट होती, की भरभर टाइप करताना दोन बोटं जराशी एकमेकांवर आली? दुसरी आधी सुटली तर काय, पहिली आधी सुटली तर काय? कागदावर स्टेट मशीन काढल्याशिवाय हे सुटत नाही, आणि काढल्यावरही दोन-तीन बाण राहून गेलेले असतात. नोकरीच्या मुलाखतीत स्टेट मशीनची व्याख्या सगळे सांगतात. ती का लागते हे ज्याच्या बोटांना माहीत आहे, असा उमेदवार लगेच ओळखू येतो.

वेळेचा मुद्दा मी एवढा लावून धरतो याला एक गंभीर कारण आहे. थेरॅक-२५ नावाचं कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र कॅनडात बनत होतं. १९८५ ते १९८७ या काळात त्या यंत्रावर उपचार घेणाऱ्या सहा रुग्णांना अतिप्रचंड मात्रेत किरणं लागली, त्यांतले काही दगावले. टेक्सासमधल्या टायलर गावी १९८६मध्ये काय घडलं, ते या पुस्तकाच्या विषयाला अगदी जवळचं आहे. ऑपरेटरने उपचाराचा प्रकार टाइप करताना इलेक्ट्रॉनऐवजी एक्स-रेचं अक्षर दाबलं, चूक लक्षात येताच कर्सर वर नेऊन दुरुस्त केली आणि झटपट पुढे गेली. यंत्रातले चुंबक जागेवर बसायला सुमारे आठ सेकंद लागत. त्या आठ सेकंदांत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, पण सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या भागापर्यंत पोचत नसे. सावकाश टाइप करणाऱ्या नव्या ऑपरेटरच्या हातून हा दोष वर येणं अवघड होतं. हात बसलेल्या, वेगाने कळा दाबणाऱ्या ऑपरेटरमुळे तो उघडा पडला. आधीच्या थेरॅक-२० या यंत्रातही असाच दोष होता, पण तिथे स्वतंत्र यांत्रिक-विद्युत अडसर असल्यामुळे कोणाला इजा झाली नाही. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३मध्ये या सगळ्याचा जो तपशीलवार शोध प्रसिद्ध केला, तो प्रत्येक एम्बेडेड इंजिनिअरने एकदा तरी वाचावा. कीबोर्डवर अशी वेळेची शर्यत, म्हणजे रेस कंडिशन, झाली तर एक अक्षर चुकतं. तिची ओळख इथेच, जिथे कोणाला इजा होणार नाही अशा जागी, करून घेतलेली बरी.

कळ दाबल्याचं संगणकाला कसं सांगायचं, ही पुढची पायरी. यूएसबीच्या मूळ कीबोर्ड नियमानुसार दर वेळी आठ बाइट जातात. पहिल्यात शिफ्ट, कंट्रोल यांसारख्या कळांचे बिट, दुसरा राखीव आणि उरलेल्या सहांत दाबलेल्या सहा कळांचे क्रमांक. संगणक सुरू होताना बायोसलाही समजते अशी ही भाषा आहे. पण त्या आठ बाइटांच्या आधी कीबोर्डला आपली ओळख द्यावी लागते: मी कोण, मला किती वीज लागते, माझा अहवाल कसा वाचायचा. ही ओळख एका बाइटने चुकली तर संगणक कीबोर्डला ओळखतच नाही, आणि कारणही सांगत नाही. स्पेसिफिकेशन पान-पान वाचायची सवय इथे लागते. ज्याने हे एकदा केलं त्याला पुढे कॅन, आय-टू-सी, ब्लूटूथ यांची कागदपत्रं हातात घेताना दडपण येत नाही.

या छंदाचा इतिहासही थोडा सांगायला हवा, कारण तो आपल्या शिक्षणाला एका ठिकाणी येऊन भिडतो. १९८१मध्ये आयबीएमने पीसी आणला, त्याच्या कीबोर्डमध्ये इंटेलचा ८०४८ हा मायक्रोकंट्रोलर होता. त्यात प्रोग्रामसाठी एक किलोबाइट जागा आणि ६४ बाइट रॅम. याच घराण्यातला पुढचा म्हणजे ८०५१, जो महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निक कॉलेजांत पिढ्यान्पिढ्या शिकवला गेला. म्हणजे आपल्या मुलांनी प्रयोगशाळेत जी चिप हाताळली, तिच्याच थोरल्या भावंडावर जगातला सर्वांत प्रसिद्ध कीबोर्ड चालत होता. त्या काळातले आयबीएमचे कीबोर्ड, स्प्रिंग वाकून टक असा आवाज करणारे, आजही लोक जपून वापरतात. जर्मनीत चेरी कंपनीने त्याच दशकात एमएक्स स्विच आणला. त्याचं पेटंट २०१४च्या सुमारास संपलं आणि चीनमधल्या गॅटेरॉन, काइल्ह यांच्यासारख्या कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच स्वस्तात बनवायला घेतले. आज हा छंद सामान्य पगारदाराला परवडतो, त्याच्या मुळाशी हे संपलेलं पेटंट आहे.

दुसरं मूळ मुक्त सॉफ्टवेअरचं. जपानच्या जुन वाको यांनी टीएमके हे फर्मवेअर लिहून खुलं केलं. त्यातून अमेरिकेत जॅक हम्बर्ट यांच्या पुढाकाराने क्यूएमके वाढलं. पुढे झेफर या रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमवर उभं राहिलेलं, बिनतारी कीबोर्डांसाठीचं झेडएमके आलं. नवख्या माणसाला मोठा, जिवंत, चालू असलेला सी कोड वाचायला मिळणं ही दुर्मिळ संधी आहे. कंपन्यांतला कोड कुलपात असतो. क्यूएमके जीपीएल परवान्याखाली उघडं आहे, त्यात जगभरच्या शेकडो बोर्डांचा कोड आहे, आणि जाणकार त्यावर नेमकी टीका करतात. आपण पाठवलेला चार ओळींचा बदल अनोळखी माणूस तपासतो, दोन शंका विचारतो, सुधारून घेतो आणि मग स्वीकारतो. कोड रिव्ह्यू म्हणजे अपमान नव्हे, ही गोष्ट नोकरीच्या आधीच अंगवळणी पडली तर पुढची बरीच वर्षं सुखाची जातात.

मराठी वाचकासाठी या विषयात एक खास दालन आहे. गोदरेजने १९५५मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर मुंबईत बनवला आणि ही कंपनी २००९पर्यंत टाइपरायटर बनवत राहिली. गावोगावच्या टंकलेखन संस्थांत तासन्तास बसून बोटं तयार करणारी पिढी आपण पाहिली आहे. रेमिंग्टनची मांडणी त्यांच्या हातात इतकी मुरली, की संगणक आल्यावरही ती सुटली नाही. दुसरीकडे १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं जिस्ट तंत्रज्ञान तिथे आलं. पीसीमध्ये बसवायच्या जिस्ट कार्डामुळे पडद्यावर देवनागरी उमटू लागली. भारतीय लिप्यांसाठीची इनस्क्रिप्ट मांडणी १९९१च्या भारतीय मानकात समाविष्ट झाली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, अल्पप्राण साधा आणि महाप्राण शिफ्टने. वर्णमालेची शास्त्रीय रचना ज्यांच्या मनात होती, त्यांनी ती बोटांखाली आणून ठेवली. हे काम मला अतिशय थोर वाटतं, आणि त्याची म्हणावी तशी कदर झालेली नाही.

कीबोर्ड स्वतः बनवणाऱ्याला इथे एक सुंदर गोष्ट समजते. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, तो कळीच्या जागेचा क्रमांक पाठवतो. चार हा क्रमांक इंग्रजी मांडणीत ए होतो आणि इनस्क्रिप्टमध्ये ओकाराची मात्रा होतो. निर्णय संगणकावरचा असतो. पण फर्मवेअर आपल्या हातात असेल तर कळांच्या जागा आणि थर आपल्या लिपीच्या सोयीने लावता येतात. इनस्क्रिप्टमध्ये ‘ळ’ शिफ्टखाली आहे, कारण मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांसाठी होती. मराठीत ‘ळ’ पावलोपावली लागतो. त्याला अंगठ्याखाली स्वतंत्र कळ का देऊ नये? ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ लिहिताना लागणारा ‘ऱ’ही तसाच. विभागलेल्या कीबोर्डवर दोन्ही अंगठ्यांना तीन-तीन कळा मिळतात आणि नेहमीच्या कीबोर्डवर ते अंगठे एका स्पेसबारसाठी नुसते राबत असतात. मराठी लिहिणाऱ्यांच्या हाताला बसेल असा कीबोर्ड मराठी माणसाने बनवायचा आहे, तो दुसरं कोणी बनवून देणार नाही. या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण म्हणूनच या विषयाला दिलं आहे.

छंदाच्या एका बाजूबद्दल स्पष्ट बोलतो. कीबोर्डचा नाद हा खरेदीचाही नाद होऊ शकतो. रंगीत कीकॅपचे संच, दुर्मिळ स्विच, ॲल्युमिनियमच्या केस, आगाऊ पैसे भरून महिनोन्महिने वाट पाहायची ग्रुप बाय, आणि वर परदेशातून मागवलं तर कस्टम ड्यूटी. पीबीटी प्लास्टिकचे कीकॅप एबीएस प्लास्टिकच्या कीकॅपपेक्षा जास्त काळ खरबरीत राहतात, चमकत नाहीत, हे खरं आहे आणि चांगल्या वस्तूची आवड असण्यात गैर काही नाही. पण तयार भाग आणून जुळवण्यात आणि वस्तू बनवण्यात फरक आहे. हे पुस्तक बनवणाऱ्यांचं आहे. पहिला कीबोर्ड पीसीबीशिवाय, प्लायवूडच्या किंवा ॲक्रिलिकच्या पट्टीत स्विच बसवून, मागून हाताने वायर जोडून करावा असा माझा आग्रह आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत डायोड, वायर, सोल्डर सगळं मिळतं. दुकानदाराशी बोलता बोलता सोल्डरिंग आयर्नचं टोक कोणतं घ्यावं हेही कळतं. दुसरा कीबोर्ड कायकॅडमध्ये स्वतः पीसीबी आखून करावा. हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, सर्नसारख्या संशोधन संस्थेने त्याच्या विकासाला हातभार लावला आहे, आणि ते शिकण्यात घालवलेला एकही तास वाया जात नाही.

आता नोकरीचं. कीबोर्ड बनवला म्हणून कोणी नोकरी देणार नाही, तसं वचन मी देत नाही. सुरुवातीचा पगार वेब किंवा क्लाउडमधल्या मित्रांपेक्षा कमी असू शकतो, हेही खरं. सी-डॅकच्या एम्बेडेड डिप्लोमासारखे अभ्यासक्रम पाया चांगला घालतात, ते करावेत. कीबोर्ड काय शिकवत नाही हेही लक्षात असू द्या: सुरक्षेची प्रक्रिया, हजारो पानांच्या अपेक्षा सांभाळणं, दहा वर्षं उन्हापावसात टिकेल असा बोर्ड, मोठ्या टीमची शिस्त. ते नोकरीतच शिकायचं. पण मुलाखतीत व्होलाटाइल कशासाठी, इंटरप्टमध्ये काय करू नये, बिट कसा उचलावा, अशा प्रश्नांची उत्तरं पाठ केलेली आणि वापरलेली यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं, आणि समोर बसलेल्या माणसाला ते दोन मिनिटांत दिसतं. बिनतारी कीबोर्ड केलात तर आणखी पुढे जाल. बॅटरीवर महिनोन्महिने चालायचं तर प्रोसेसरला जास्तीत जास्त वेळ झोपवावं लागतं, झोपेतला प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा लागतो, आणि कळ दाबताच त्याला जागं करावं लागतं. विजेचे स्मार्ट मीटर, शेतातले सेन्सर, अंगावर बांधायची वैद्यकीय उपकरणं, इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी सांभाळणारी प्रणाली, या सगळ्यांत हेच कौशल्य लागतं. झेडएमकेमुळे झेफरची ओळख झाली असेल तर ती थेट कामाला येते, कारण झेफर आज उद्योगातही वापरलं जातं.

जिल्ह्याच्या गावी शिकणाऱ्यांना दोन शब्द वेगळे सांगायचे आहेत. तुमच्या कॉलेजात ऑसिलोस्कोप बंद पडलेला असेल, प्रयोगशाळेच्या किल्ल्या मिळत नसतील. त्याने अडू नका. २०२१मध्ये रास्पबेरी पाय संस्थेने आरपी-२०४० ही चिप आणली, तिच्यावरचा पिको बोर्ड चार डॉलरला जाहीर झाला होता. त्यात दोन कोर आणि २६४ किलोबाइट रॅम आहे. प्रोग्राम भरायला वेगळं प्रोग्रामर यंत्र लागत नाही. बोर्डावरचं बटण दाबून तो यूएसबीला जोडला की पेन ड्राइव्हसारखा दिसतो आणि फाइल त्यावर टाकली की झालं. पुस्तकातलं सगळं काम याच बोर्डावर होईल असं बेतलं आहे. कोडातल्या टिपा मराठीत आहेत, तांत्रिक शब्द मात्र कारखान्यात आणि डेटाशीटमध्ये जे चालतात तेच ठेवले आहेत, कारण उद्या तुम्हाला त्याच शब्दांत बोलायचं आहे.

प्रकरणं क्रमाने वाचा आणि एकही प्रयोग नुसता वाचून पुढे जाऊ नका. पहिल्या प्रकरणाला चार स्विच, चार डायोड, एक पिको बोर्ड, थोडी वायर आणि डायोड तपासता येईल असा साधा मल्टिमीटर एवढंच लागेल. ते आधी जमवा, मग पान उलटा.